चिंचोक्यांची दुपार

थंडीतल्या दुपारच्या उन्हाला एक वास असतो. सोललेल्या वालाच्या शेंगांचा, सारवलेल्या अंगणाचा, आणि वारा खाडीकडून असला तर मिठागरांतल्या ओल्या, खारट चिखलाचा. परवा फोनवर तुम्ही नातवंडं शाळेतल्या प्रोजेक्टविषयी भरभरून सांगत होतात, पुठ्ठ्याचा पूल, त्यावर एकेक करून ठेवलेली वजनं, आणि तो कोसळला तेव्हा सगळ्या वर्गाला झालेला आनंद. तेव्हा इतक्या दूरवरून तोच वास माझ्यापर्यंत येऊन पोहोचला, आणि ठाण्याच्या शाळेचं अंगण, त्यात रोवलेली एक काठी आणि मूठभर चिंचोके डोळ्यांसमोर उभे राहिले.

स्वातंत्र्याला थोडीच वर्षं झाली होती. मी सातवीत होते. आम्हाला शास्त्र शिकवणाऱ्या वैद्यबाई धडा उघडण्याआधी वर्गाला उन्हात नेत. 'पुस्तक कुठे पळून जात नाही, सावली पळते,' असं त्यांचं म्हणणं. त्या मार्गशीर्षात त्यांनी आमच्याकडून सावलीचं घड्याळ करवून घेतलं. काठी आम्हीच तासली, ती सरळ उभी आहे ना हे दोरीला दगड बांधून आम्हीच पाहिलं, आणि सावलीचं टोक सरकेल तसतसा तिथे एकेक चिंचोका ठेवत गेलो. सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा मध्यान्ह, म्हणजे बारा, इतकं सोपं होतं ते.

पण बाराची घंटा झाली, आणि सावली आपली आखडतच राहिली. पुढचा तास निम्म्याहून अधिक सरला तेव्हा कुठे ती थांबली. दुसऱ्या दिवशी काठी उपटून पुन्हा रोवली, तरी तेच. वरच्या वर्गातल्या मुली खिडकीतून हसू लागल्या. कळव्याहून येणारी माझी मैत्रीण द्वारका, जिची जीभ चिंचेहून आंबट, त्यांना म्हणाली, "अगो, हसतंव कशाला? सूर्यालाच घंटा ऐकू गेली नसंल!" बाई मात्र हसल्या नाहीत. काठी सरळ आहे, सावलीही सरळ आहे, मग वाकडं काय ते शोधा, एवढंच म्हणाल्या.

तो प्रश्न घेऊन मी घरी आले, तर घरात दुसरंच वाकडं चाललेलं. माझे आजोबा, म्हणजे तुमचे खापरपणजोबा, आयुष्यभर जुन्या, स्टँडर्ड टाइमच्या चाळीसेक मिनिटं मागे असलेल्या मुंबई टाइमाने जगले. रेल्वे, कचेऱ्या, शाळा सगळी स्टँडर्ड टाइमवर गेली, लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' छापून येऊ लागलं, तरी ओसरीवरचं टोल्यांचं घड्याळ त्यांनी पुढे केलं नव्हतं. सरकारचे बारा निराळे आणि सूर्याचे निराळे, असं ते म्हणत. त्याच आठवड्यात कल्याणला त्यांच्या पुतणीच्या मुलीचं लग्न होतं. अजून वेळ आहे म्हणत कोट घालून ते ओसरीवर बसून राहिले, आणि पोहोचले तेव्हा मांडवात पंगत वाढली जात होती. अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या. काका लाजेने लाल झाले. येत्या रविवारी घड्याळ नीट लावून टाकू, अण्णांना आताशा कशाचंच भान राहत नाही, असं ते स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाले. पण आजोबांचे कान शाबूत होते. तेव्हापासून ते घड्याळाला किल्ली देत, पण त्याच्याकडे पाहत नसत. आपण खरोखरच भ्रमत चाललो आहोत की काय, ही शंका त्या चेहऱ्यावर सायीसारखी धरली होती.

रविवारी मी आमच्याच अंगणात काठी रोवली. आई वाल सोलत होती, आजोबा ओसरीवर डोळे मिटून बसले होते. मी चिंचोके ठेवत गेले. सावली आखडत, आखडत आली, आणि एक चिंचोका टेकवत असतानाच ओसरीवरच्या घड्याळाचे बाराचे टोले पडू लागले. मी ते नुसते ऐकले. मग पुढचा चिंचोका ठेवला, तो काठीपासून जरासा दूर पडला. त्याच्या पुढचा आणखी दूर. मी मागे वळून ओळीकडे पाहिलं. सगळ्यांत जवळचा होता तो टोल्यांचा चिंचोका.

आजोबांना हात धरून आणलं. गुडघ्यांवर हात टेकवून ते वाकले आणि ती वाकडी ओळ एकटक बघत राहिले. "म्हणजे मी अगदीच भ्रमिष्ट नाही तर!" ते म्हणाले. स्वर थट्टेचा होता, पण माझ्या मनगटावरची त्यांची पकड सुटत नव्हती.

एवढ्यात काका स्टूल घेऊन ओसरीवर आले. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं, उकिडवे बसून चिंचोके पाहिले, आणि म्हणाले, "अण्णा, राहू दे घड्याळ आहे तसंच."

"नको रे," आजोबा म्हणाले. "मंगलाष्टकं माझ्यासाठी थांबायची नाहीत." आणि मला म्हणाले, "चढ तू. तू फिरव."

स्टुलावर उभी राहून मी काच उघडली. मिनिटकाटा पुढे नेऊ लागले, तसा खालून त्यांचा आवाज आला, "घाई नको. अर्ध्याचा टोला पडू दे. मगच पुढे जा." टोला पडला. तो विरेपर्यंत आम्ही तिघंही उभे होतो.

सोमवारी वर्गात हे सांगितलं, तेव्हा बाईंनी शाळेच्या अंगणात चुन्याच्या दोन रेघा आखायला लावल्या, एक घंटेची, एक सूर्याची. वाकडं काय होतं, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. द्वारकेला आणि मला ते पुष्कळ पुढे, नकाशावरच्या उभ्या रेषा, म्हणजे रेखांश, शिकताना उमगलं: घंटा दूर पूर्वेकडच्या एका रेषेची वेळ सांगत होती, आणि सूर्य आमच्या ठाण्याची.

आजोबा त्यानंतर नव्या वेळेला जेवू लागले. जेवण झालं की हात पुसत अंगणात येत, आणि काठीपाशी क्षणभर उभे राहत. सावली सगळ्यांत आखूड झाली की आत वळत.

आता ठाण्यातल्याच माजिवड्याच्या या गॅलरीत गजांच्या सावल्या पडतात. तुमच्याकडे तेव्हा रात्र असते, फोन करायची वेळ झालेली नसते. सावली आखडत पायाशी येते, तशी मी हातातलं काम ठेवून थोडी थांबते. भिंतीवरचं घड्याळ केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं.