भाऊजींनी मॉनिटर निवडला

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उभ्या आयुष्यात जागा रिकामी सोडून उठले ते फक्त एकदा. एरवी जेवणाच्या ताटावरून, एसटीच्या सीटवरून, न्हाव्याच्या खुर्चीवरून, कुठूनही उठायचं झालं तरी आधी ते आपल्या जागी कोणाला तरी बसवतील, त्याला सगळं समजावून सांगतील आणि मगच पायात चपला सरकवतील. स्वतःच्या लग्नातसुद्धा! रिसेप्शन ऐन रंगात आलेलं असताना त्यांना जरा बाजूला जाऊन यायची निकड आली. मी तेव्हा नववीत होतो आणि समोर आइस्क्रीम खात उभा होतो. त्यांनी मला दंडाला धरून नवरदेवाच्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावर फेटा चढवला आणि म्हणाले, "चार्ज घे." ते परत येईपर्यंत निम्म्या पाहुण्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि फोटोग्राफरने इमानेइतबारे फोटो काढले. अल्बममध्ये आजही सहा फोटो असे आहेत की मी माझ्या सख्ख्या बहिणीशेजारी नवरदेव होऊन बसलोय आणि ताई माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघतेय.

ह्या खोडीचं मूळ त्यांच्या नोकरीत. भाऊजी गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. म्हणजे भट्टी तिकडे दूर धडाडत असते आणि हे थंडगार खोलीत पडद्यांसमोर बसून तिचा ताप, तिचा वेग, तिचा रागलोभ सांभाळतात. तिथला नियम एकच, पण लोखंडी. पाळी संपली तरी पुढचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो आला की आठ तासांत काय काय झालं ते लॉगबुकात लिहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "चार्ज दिला." त्याने म्हणायचं, "चार्ज घेतला." मग घरी. हा नियम भाऊजींनी जसाच्या तसा घरात आणला. गॅसवर दूध असेल तर "दूध अर्ध्यावर, आच बारीक, चार्ज दिला" असं म्हणून ते दारात उभे राहतात आणि ताई "घेतला बाप्पा, घेतला!" म्हणेपर्यंत हलत नाहीत. फ्रीजवर लॉगबुक आहे. मी एकदा चोरून वाचलं. "सकाळी ७.१०. चहा. साखर किंचित जास्त. तक्रार नाही." त्याखाली ताईच्या अक्षरात लिहिलं होतं, "उद्यापासून स्वतः करा." त्याखाली पुन्हा भाऊजींनी, "सूचना पाहिली."

ह्या माणसाला आयुष्यात मित्र म्हणावा असा एकच, त्यांचा रिलीव्हर. मूळचा वडशाचा, गडचिरोलीकडचा. पाळ्या बदलत पण क्रम बदलत नसे. भाऊजींच्या मागे नेहमी तोच. बावीस वर्षं दोघे रोज भेटले, पण किती? दहा मिनिटं! एक उठणार, दुसरा बसणार. एकाच्या घरच्या कार्याला दुसरा गेला नाही, कारण एक सुटीवर तर दुसऱ्याची डबल ड्यूटी. बावीस वर्षांत दोघांनी एकत्र बसून एक कप चहा घेतला नसेल. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले आणि रिलीव्हर आपल्या गावी वडशाला निघून गेला. भाऊजी महिनाभर घरात असे फिरत होते की ताईनं मला फोन करून विचारलं, "ह्यायचं काई हरवलं का रे?"

मग रिलीव्हरच्या पुतण्याने त्या दोघांना कॉम्प्युटरवरचा ट्रक चालवायचा खेळ लावून दिला. आपापल्या घरी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि एकाच रस्त्यावर एकामागे एक ट्रक हाकायचे. रोज दुपारी दोन ते चार. बावीस वर्षांनी दोघे पहिल्यांदा एका पाळीत आले! खेळातले रस्ते परदेशातले, पण ह्यांनी त्यांची नावं बदलून टाकली. एका वळणाला राजुऱ्याचा फाटा, एका पुलाला वैनगंगा. जगभरची पोरं तिथे बेफाम गाड्या पळवतात आणि ही दोन म्हातारी माणसं ताशी चाळीसने सिमेंट वाहतात, सिग्नल पाळतात. एकमेकांना अजून अहोजाहोच करतात. "घ्या जी डाव्या हातानं," "आलो जी." थंडीत रिलीव्हर त्यांच्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांत हवालदाराचं काम करायला जातो, तेव्हा भाऊजींची दुपार सुतकात जाते.

आणि सकाळी भाऊजींचं कामही असतं. एका ठेकेदाराने त्यांना कारखान्यातल्या नव्या पोरांसाठी शिकवणीच्या वह्या टाइप करायला दिल्यात. भट्टीचे आलेख, लाल रेघ, केशरी रेघ, मुंगीएवढी अक्षरं. तर गेल्या वर्षापासून भाऊजींची तक्रार सुरू झाली की मॉनिटर बिघडला. अक्षरं धुरकट दिसतात, केशरी आणि पिवळी रेघ एकच दिसते, खेळात समोरून ट्रक आला की त्याचे दिवे फुटून पडदाभर पसरतात. आता ह्यात बिघाड कोणाचा हे घरातल्या मांजरालाही कळलं असतं. पण त्यांच्यासमोर 'डोळे' हा शब्द काढायची सोय नव्हती. त्यांच्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली होती. शेवटची कित्येक वर्षं ते खाटेवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. त्यांना हाताला धरून अंगणात आणायचे ते भाऊजीच. ताईनं एकदा भीत भीत विषय काढला, तर दोन दिवस लॉगबुक कोरं राहिलं.

म्हणून ठरलं, नवा मॉनिटर घ्यायचा. असा की सकाळी वह्या आणि दुपारी ट्रक, दोन्ही चालले पाहिजेत. ह्यावर भाऊजींनी दीड महिना अभ्यास केला. शंभर पानी वही भरली. कामाला अक्षर ठसठशीत पाहिजे, खेळाला चित्र झटपट बदललं पाहिजे. एकात एक मिळतं तर दुसरं निसटतं. रोज संध्याकाळी मला चंद्रपूरला फोन. मी शाळामास्तर, गणित शिकवतो, पण माझंही डोकं भणाणलं. "मास्तर, हे एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ काय भानगड आहे बे? आमची अख्खी भट्टी पन्नास हर्ट्झवर फिरली, मोटर कधी कुरकुरली नाई. ह्या एवढ्याशा डब्ब्याले एकशे चव्वेचाळीस कायले पायजे?" मी सांगितलं, तो विजेचा हर्ट्झ वेगळा, हा चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याचा. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मी चाळीसनं चालवतो. मले कायले एवढं बदलून पायजे?"

शेवटी एका शनिवारी ते सकाळच्या बसने चंद्रपूरला आले. हातात डबा, पाण्याची बाटली, लॉगबुक. डबा कशाला ते मला दुकानात कळलं. भाऊजींचं म्हणणं, दहा मिनिटं बघून पडदा कळत नसतो, त्याच्यासमोर एक अख्खी पाळी काढावी लागते. दुकानाच्या मालकीणबाई मध्यमवयीन, शांत. त्या म्हणाल्या, "बसा ना भाऊ, कोण उठवते तुमाले?" त्यांना काय ठाऊक! भाऊजी सकाळी दहाला बसले. पहिला मॉनिटर चोवीस इंची. एक तास कामाच्या वहीची पानं पडद्यावर वाचली, एक तास ट्रकचा व्हिडिओ बघितला, लॉगबुकात नोंद केली, "पिवळा मारते." दुसरा सत्तावीस इंची, तोही पिवळा. तिसरा वाकडा, म्हणजे कमानीसारखा वळवलेला; तो पिवळा आणि वर वाकडा. मधे दोनदा जाऊन यायचं झालं तेव्हा मला खुर्चीत बसवून "चार्ज घे" झालं आणि दुकानातली गिऱ्हाइकं मला भाव विचारू लागली. दीडला तिथेच डबा उघडला. मालकीणबाईंनाही भाकरी आणि वांग्याची भाजी दिली, हे खरं.

जेवताना मी हळूच विचारलं, "भाऊजी, एवढं काय अडलंय? जुना होताच ना." भाऊजी भाजी चिवडत राहिले. मग म्हणाले, "वह्या गेल्या तं गेल्या, मास्तर. दुसरा कोणी टाइप करन. पण चांगला मॉनिटर नाई भेटला, तं तिकडं वडशाले तो माणूस एकटाच गाडी चालवत राहीन." म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त ते मॉनिटरच्या नावाने बोलत होते.

पाचव्या मॉनिटरलाही "पिवळा" झालं तेव्हा चार वाजले होते. मालकीणबाईंनी प्रिंटरच्या कागदाचा नवाकोरा गठ्ठा फोडला, एक कागद काढला आणि मॉनिटरशेजारी धरला. "भाऊ, हा कसा दिसते?"

भाऊजींनी पुढे वाकून पाहिलं. "हा बी पिवळा."

कागद बगळ्याच्या पिसासारखा पांढरा होता. भाऊजींनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. आणि मग ते उठले आणि सरळ दुकानाबाहेर निघून गेले. मला काही न सांगता. खुर्ची तशीच अर्धी फिरून थांबली. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतच राहिलो. हा माणूस स्वतःच्या लग्नात चार्ज दिल्याशिवाय उठला नव्हता हो!

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ ते उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "नव्या पोरायले मी हेच शिकवलं, मास्तर. सगळे मीटर एकाच वेळी चूक दाखवत असन, तं मीटर बदलू नका. सेन्सर पाहा." मग माझा हात धरून म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं बे." मलाही लागत होतं. मी तसं सांगूनही टाकलं.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्या एवढ्याशा खोलीबाहेर ताई आणि मी बाकावर बसलो होतो. ताईच्या ओठांची हालचाल चालू होती, मी भिंतीवरची अक्षरांची पाटी पाचव्यांदा वाचत होतो. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काचबिंदू? छे! नावालाही नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय. काढून टाकू." आणि पाठोपाठ भाऊजींचा, "म्हणजे भट्टी चालू राहते ना जी?" डॉक्टर म्हणाले, "कुठली भट्टी?" हुश्श! मला हसू आवरेना आणि ताईला रडू. आम्ही दोघं त्या बाकावर वेड्यासारखे एकमेकांना गदागदा हलवत होतो आणि बाकीचे पेशंट आमच्याकडे बघत होते. वर्षभर छातीवर ठेवलेला पाटा कोणी तरी उचलून नेल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी हिरवा झगा घालून आत जाताना भाऊजी दारात थबकले. मी ओळखलं. पुढे होऊन म्हणालो, "द्या."

"डोळे दोन. उजवा आधी, डावा पुढल्या महिन्यात. थेंब तुझ्या ताईजवळ. चार्ज दिला."

"चार्ज घेतला," मी म्हणालो.

दुसरा डोळाही मोकळा झाल्यावर आम्ही पुन्हा दुकानात गेलो. ह्या वेळीही मालकीणबाईंनी कागद पुढे धरला. "पांढरा!" भाऊजी असे ओरडले की बाहेरचा रसवाला आत डोकावला. मॉनिटर निवडायला चार मिनिटं लागली. पहिला चोवीस इंची, तोच, ज्याला दोन तास बसून नापास केलं होतं. अक्षर ठसठशीत, चित्र झटपट, आणि पडद्याला चकाकी नाही. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झही त्यातच निघाले. "असू दे," म्हणाले, "कधी घाई झाली तं." घरचा जुना मॉनिटरही खरं तर ठणठणीत होता, पण तो विषय आम्ही कोणी काढला नाही.

पहिल्या दुपारी मी मुद्दाम गडचांदूरला थांबलो. दोन वाजले. भाऊजींनी हेडफोन लावायचा सोडून स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून. ट्रक निघाला. झाडं हिरवी दिसतात म्हणून कौतुक झालं, आभाळाचं झालं, समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटचं झालं. राजुऱ्याच्या फाट्याला वळण घेतलं आणि भाऊजींनी वेग कमी केला. वळणाच्या पुढे रस्त्याच्या कडेला निळा ट्रक उभा होता, दोन्ही इंडिकेटर लुकलुकत. वडशाचा. भाऊजी जवळ आले तसा तो हळूच निघाला आणि पुढे गेला. वैनगंगेच्या पुलापलीकडे पुन्हा तसाच उभा.

"तुम्ही काऊन जी थांबून राह्यले?" भाऊजींनी विचारलं.

स्पीकरमधून इंजिनाच्या घरघरीवर रिलीव्हरचा आवाज आला. "दिसलो का तुमाले?"

"दिसले ना. कधीपासून थांबता असे?"

"झालं असन एखादं वर्ष. तुम्ही वळणं चुकून राह्यले होते. म्हटलं, मांगून येतीलच."

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोलाचं काय त्यात?" तिकडून रिलीव्हर म्हणाला. "मांगचा माणूस आल्याबिगर आपल्याले उठता येते का जी?"

भाऊजींनी ट्रक त्या निळ्या ट्रकच्या मागे नेऊन उभा केला आणि आपलेही दोन्ही इंडिकेटर लावले. मागून पोरांच्या गाड्या हॉर्न वाजवत सुसाट निघून जात होत्या. ह्या दोघांपैकी मात्र बराच वेळ कोणीच पुढे गेलं नाही. ताईनं चहा आणून ठेवला, तिकडे वडशालाही कपबशी वाजल्याचं ऐकू आलं. बावीस वर्षं राहून गेलेला चहा त्यांनी तसा घेतला, आणि मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेलो.

निघताना मी फ्रीजवरचं लॉगबुक उघडलं. भाऊजींचं अक्षर बऱ्याच दिवसांनी ओळीवर आलं होतं. "दुपारी २.४०. दृष्टी स्वच्छ. वडशाची गाडी कडेला उभी दिसली. आधीही उभी असायची. आज दिसली."