विजयाबाईंचं हिरवं लुगडं

दुपारचा दीड वाजला आहे आणि शालन नाळे झोपलेली नाही. निदान तिला तरी तसं वाटतं आहे. फलटणच्या बाजारपेठेतल्या तिच्या शिलाईच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं आहे, कापायच्या टेबलामागे चटई टाकून ती आडवी झाली आहे आणि पंखा आपली कुरकुर करतो आहे. नुसते डोळे मिटलेत, झोप कुठली, असं ती रोज सुनेला सांगते. सून कीर्ती म्हणते, "आई, तुमचं घोरणं शेजारच्या भांड्यांच्या दुकानात ऐकू जातं."

मशीन चालू होतं. पायाचं जुनं मशीन, जे दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलं.

"कीर्ती, राहू दे गं आता. जेवून ये आधी," शालन डोळे न उघडता म्हणते.

"कीर्ती केव्हाच घरी गेली," मशीनवरची बाई म्हणते. "मीच बसलेय. या लुगड्याचा काष्टा सैल करून दे बघू. मला यात पाऊल टाकवत नाही."

हा आवाज ओळखायला शालनला वेळ लागत नाही. तीस वर्षं तिनं या आवाजाची मापं घेतली आहेत. विजयमाला रणवरे, वाडीवरच्या प्राथमिक शाळेतल्या बाई, वीस दिवसांपूर्वी गेल्या. सकाळी चहाचा कप हातात होता, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. आणि आता त्या इथे बसल्या आहेत, हिरव्यागार नऊवारीत, कपाळाला मळवट, ओटीतले तांदूळ मशीनवर सांडताहेत.

ते लुगडं शालननंच नेसवलं आहे.

त्या दिवशी झालं ते असं. सवाष्ण गेली की हिरवं लुगडं नेसवायचं, ही रीत. बाईंच्या थोरल्या जाऊबाई गावाकडून ट्रंकेतलं लुगडं घेऊन आल्या. अंघोळ घालून झाली आणि सगळ्या जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. भाच्या, पुतण्या, शेजारणी, कुणी ड्रेसात, कुणी जीन्समध्ये, कुणी गोल साडीत. नऊवारी नेसवायला एकीलाही येत नव्हतं. एक पुतणी तर मोबाईलवर बघून नेसवू का, असं विचारून मोकळी झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "शालनताईंना येतंय." आणि शालन पुढे झाली. ज्या बाईनं तीस वर्षं लुगड्याशी आणि पातळाशी भांडून ड्रेस घातला, तिला शालननं स्वतःच्या हातांनी काष्टा घातला. कपाटात बाईंचे पंधरा ड्रेस घडी घालून ठेवलेले होते. सगळे शालनच्याच हातचे. ती एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून तिचा घास नीट उतरत नाही. बाई रागावल्या असतील का, हा एकच भुंगा डोक्यात आहे, आणि विचारायचं तरी कुणाला?

"बाई, मी आधी काष्टा सैल करते," ती म्हणते. "तुम्ही पडद्यामागं चला."

कोपऱ्यातला कपडे घालून बघायचा पडदा ती बाजूला करते. पलीकडे आरसा नाही. शाळेचा व्हरांडा आहे, पत्र्याच्या शेडखाली पोरं पाढे म्हणताहेत आणि बाई तिच्यापुढे चालताहेत. हिरवं लुगडं गेलं आहे. अंगावर तपकिरी ठिपक्यांचा ड्रेस आहे, शालननं शिवलेला पहिला.

"अगंबाई, याची बाही!" शालनला लाज वाटते. "खांद्यावर किती चुण्या आल्यात. मला तेव्हा येतच नव्हतं."

"मला तरी कुठं घालायला येत होतं? ओढणी सावरण्यात पहिला आठवडा गेला."

तो ड्रेस का शिवला, ते शालनला पाठ आहे. सायकलवरून शाळेला जाताना पातळाचा काठ साखळीत अडकला, बाई ओढ्याच्या पुलावरून खाली गेल्या आणि हात मोडून घेतला. प्लास्टर निघाल्या दिवशी त्या दुकानात आल्या नि म्हणाल्या, शालन, मला ड्रेस शिव. शालन तेव्हा फक्त ब्लाऊज शिवायची. मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी भाचीचा ड्रेस मागून आणून, उसवून, कापड कसं कापलंय ते तिनं बघितलं. गळा बंद, बाही कोपरापर्यंत, उंची पोटरीपर्यंत, वर ओढणीला दोन्हीकडे पिना. पातळापेक्षा दुप्पट अंग झाकलं होतं हो! पण बाईमाणसाचे दोन पाय वेगवेगळे दिसले, एवढ्यावरून गाव पेटलं.

"आणि गंमत बघ," बाई जणू तिच्या मनातलं ऐकून म्हणतात, "लुगड्यात तरी काय एकच पाय दिसायचा का? माझी आजी जन्मभर काष्ट्यात वावरली, शेतात, बाजारात. तिचे पाय कुणी मोजले नाहीत. माझी आई पहिल्यांदा गोल पातळ नेसली, तर आजी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. आणि मी पातळ सोडलं तर आई बोलली नाही."

"किती दिवस?"

"आठ. आई जास्त हट्टी."

शालनला हसू येतं. हेडमास्तर व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेत, हातात हजेरी. "बाई, ही शाळा आहे," ते म्हणतात. तीस वर्षांपूर्वी म्हणाले होते अगदी तसंच.

"म्हणूनच तर लवकर पोचायला पाहिजे, सर," बाई म्हणतात आणि त्यांच्या शेजारून सायकल काढून निघूनही जातात.

शालन मागे धावते. पुढच्या पाच वर्षांत त्याच हेडमास्तरांची सून तिच्याकडे ड्रेस शिवायला आली, मग अंगणवाडीतल्या मदतनीस, मग दवाखान्यातल्या सिस्टर. त्या काळात शालनला मान वर करायला सवड नव्हती. आधी ओढणीच्या पिना गेल्या, मग ओढणीच गेली. कॉलेजच्या पोरी खिसा मागायला लागल्या, तर शालन उलट विचारायची, तुला गं काय ठेवायचंय खिशात? आता प्रत्येकीला मोबाईलपुरता खिसा लागतोच. आणि परवा एक नवरी आली होती, तिला लग्नात नऊवारी पाहिजे. शिवलेली, चेनवाली, पायजम्यासारखी चढवायची.

"खरंच?" बाई सायकल थांबवून विचारतात. "चेन लावून?"

"व्हय बाई. दोन मिनिटांत तयार. आमच्याकडं वर्षाला साठ-सत्तर जातात."

बाई पोट धरून हसतात. "जे सोडायला आम्ही एवढे भांडलो, ते पोरी हौसेनं घालतायत. घालू देत. आपल्या मर्जीनं घालतायत ना? मग झालं."

मर्जी हा शब्द शालनला टोचतो. सायकल कुठे गेली ते तिला कळत नाही. ती बाईंच्या अंगणात उभी आहे. पाट मांडलेला, पाणी तापलेलं, बायका गोल करून उभ्या. मधे निजलेल्या आहेत त्याही बाईच, आणि शालनच्या शेजारी ठिपक्यांच्या ड्रेसात उभ्या आहेत त्याही बाईच.

"शालनताईंना येतंय," कुणीतरी म्हणतं.

"बोल की आता," बाई तिच्या कानाशी म्हणतात.

शालन तोंड उघडते. तोंडात टाचण्या आहेत. काम करताना ओठांत धरायची सवय, पण या तर ओठांच्या आतसुद्धा आहेत, जिभेवर, दातांत. ती बाईंकडे बघते. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं.

"एकेक काढ. घाई नाही. मी कुठं जात नाही."

ती एकेक टाचणी काढते आणि तळहातावर ठेवते. शेवटची निघाल्यावर तिचा आवाज फुटतो. "यांना लुगडं नको. कपाटात ड्रेस आहेत. निळा आवडायचा यांना."

थोरल्या जाऊबाई वळतात. हातात ते हिरवं लुगडं. म्हातारीचा चेहरा रडून सुजला आहे. "मग आधी सांगायचं न्हाई का गं? मला काय ठावं? हे मी माझ्यासाठी ठेवलं व्हतं. म्हटलं, धाकटी आधी निघाली, तर तिलाच जाऊ दे."

हे शालनला माहीत नव्हतं.

"आता सांग," बाई म्हणतात, "मी हिच्यावर रागावू कशी? स्वतःच्या मरणाचं लुगडं मला देऊन टाकलं हिनं. जड होतं, चालवत नाही, पण मायेचं आहे. राहू दे."

"आणि माझ्यावर?"

बाई शाळेत चुकलेल्या पोराकडे बघावं तशा बघतात.

"तुझ्यावर आहे थोडा. तिला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं."

"व्हय बाई. ठाऊक होतं. घाबरले. एवढ्या सगळ्यांत शिंपीणबाईनं कशाला तोंड उघडायचं, असं वाटलं."

"हं. म्हणालीस ना? सुटलीस. आता तुझं काय ते सांग. तुला काय नेसवायचं?"

"मला काय, पातळच. आयुष्यभर तेच."

"तुला पाहिजे का ते विचारतेय."

शालन खाली बघते. अंगण नाही, दुकानातली फरशी आहे. एकसष्ट वर्षांच्या बाईनं सांगावं का असलं काही? पण सांगते. "एकदा शटर ओढून घालून बघितला होता. गिऱ्हाइकाचा ड्रेस. सोळा साली. आरशात बघितलं आणि लगेच काढून ठेवला."

"कसा दिसत होता?"

"बरा दिसत होता." आणि मग, खरं सांगायचं तर, "लई छान दिसत होता."

बाई तिच्या गळ्यातली टेप काढून घेतात. "सरळ उभी राहा. पोट आत घेऊ नकोस, मी बघितलंय ते. खांदा साडेचौदा. पाठीमागं वळ." मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध, गार बोटं टेकतात आणि खडूची रेघ ओढली जाते. "उंची गुडघ्याच्या खाली घे. या वयात थंडी वाजते."

"बाई, तुम्ही..."

शटर खडखडत वर जातं.

"आई, चार वाजले! आणि म्हणे झोपत नाही." कीर्ती डबा टेबलावर ठेवते. शालन उठून बसते, तोंड पुसते, केस सारखे करते. कीर्ती तिच्या मागून जाता जाता थांबते.

"अहो, हे काय? पाठीवर खडूची रेघ कसली? भलती सरळ आहे." ती पदर उचलून ब्लाऊज झटकायला जाते. "तुमचा तर हातही पोचायचा नाही इथं."

"पुसू नकोस!"

कीर्ती दचकून हात मागे घेते. शालनला हुंदका येतो, पण तो ती गिळत नाही, येऊ देते. मग पदरानं डोळे पुसते.

"त्या रेघेवरून माप घे माझं. दोन ड्रेस शिवायचेत."

"कुणाचे?"

"माझेच गं. एक परवा बाईंच्या जाऊबाईंना भेटायला जायचंय, तेव्हा घालीन. दुसरा कपाटात राहील." ती कीर्तीचा हात धरते. "माझी वेळ येईल तेव्हा चार बायका काहीबाही सांगतील. तू तो ड्रेस काढून मला घालायचा. आणि गप्प बसायचं नाही."