विहीर एकतीस फूट

आमच्या मंडळीत साक्ष सांगायची वेळ आली की लोक मागे वळून माझ्याकडे बघायचे. पाळकसाहेब म्हणायचे, "भाऊ, विहिरीची सांगा." पंचवीस वर्षांत ती मी निदान साठ वेळा सांगितली असेल. हंगामाच्या सणाला, घरोघरच्या प्रार्थनासभांत, एकदा लोणारला तरुणांच्या शिबिरात. एकोणीस वर्षांचा असताना मामाच्या शेतातल्या पन्नास फूट विहिरीत पडलो. पोहता येत नव्हतं. तीन तास पंपाच्या पाइपाला धरून राहिलो. आसपास कोणी नव्हतं. येशूचा धावा केला आणि वरून दोर आला. 'वरून दोर आला' म्हटलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या.

माझी नोकरी जमीन मोजण्याची. बांध कोणाचा यावरून दोन भाऊ समोरासमोर उभे असतात आणि मी मधोमध टेप धरून. तिथे 'अंदाजे' हा शब्द चालत नाही. वीतभर चूक झाली तर दोन घरं कायमची तुटतात. न मोजलेला आकडा मी नकाशावर आजवर लिहिलेला नाही. ती विहीर मात्र मी कधीच मोजली नव्हती.

आम्हाला दोन मुली. गोष्ट घडली तेव्हा मोठी पंधरा वर्षांची होती, धाकटी नऊ. आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसात वाजता प्रार्थना असते. एक अध्याय वाचायचा, एक गीत, मग प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची. मोठी चार वर्षांची होती तेव्हापासून हा नेम आहे, आणि आजारपण-प्रवास सोडले तर तो चुकलेला नाही. शेजारीपाजारी सगळी हिंदू वस्ती, शाळेत तिच्या वर्गात ख्रिस्ती ती एकटी. म्हणून मी ठरवलं होतं की मुलींचा विश्वास बापाच्या भीतीपोटी नको आणि सवयीपोटीही नको. तो खरा असायला हवा. नेम पाळला की खरेपणा आपोआप येईल, असा माझा हिशेब होता.

त्या वर्षी बाप्तिस्म्यासाठी सात मुलांची यादी झाली. मंडळीचा सचिव मीच, त्यामुळे यादी माझ्याच हातची. तिसरं नाव माझ्या मुलीचं. मंडळीच्या मागे बाप्तिस्म्याचा हौद आहे, त्यात उतरण्याआधी प्रत्येक मुलाने आपली साक्ष सांगायची असते. तिने दीड पान लिहिलं होतं. मी वाचलं. सुरुवातच अशी होती की माझ्या वडिलांना देवाने पन्नास फूट विहिरीतून काढलं, म्हणून मी विश्वास ठेवते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ऊर भरून आला.

तीन आठवडे बाकी असताना मामेभावाकडे साखरपुडा निघाला. गाव तेच विहिरीचं, धामणगाव बढेच्या पुढे नऊ किलोमीटर. मोठीला घेऊन मी मोटरसायकलवर गेलो. जेवणं झाल्यावर ती मामेभावाच्या मुलींबरोबर विहीर बघायला गेली. आम्ही पुरुष मंडळी मांडवात बोलत बसलो होतो. ती परत आली आणि घरी कधी निघायचं म्हणून विचारू लागली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

परतीच्या वाटेवर मागून तिने विचारलं, "पप्पा, ते विहीर किती खोल हाय?"

"पन्नास फूट."

"आजोबा तं म्हणे तीस असंन."

"कोणते आजोबा?"

"ज्यांनी तुमाले काढलं ते."

मी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडे मक्याची शेतं होती. मी हेल्मेट काढलं, पुसलं, परत घातलं. ती उतरून समोर उभी राहिली.

"बाजूच्या वावरात मका तोडून राह्यले होते. म्या म्हटलं, माह्ये पप्पा या विहिरीत पडले होते अन् वरून दोर आला होता. तं ते हासले ना. म्हणे, दोर कायचा येते पोरी, म्याच टाकला होता."

मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं. त्यांनी दोर टाकला, मला ओढून काढलं, स्वतःचं धोतर माझ्या अंगाभोवती गुंडाळलं आणि मामाच्या घरी पोहोचवलं. पहिल्या साक्षीत मी 'शेजारच्या शेतातले काका' असंच म्हटलं होतं. मग मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी समजावलं, माणसाचं सांगत बसलास तर देवाचा महिमा झाकला जातो. मला ते सोयीचं वाटलं. पुढे 'शेजारचे काका'चा 'एक शेतकरी' झाला. 'एक शेतकरी'चा 'कोणीतरी'. शेवटी नुसताच दोर उरला. विहीरही तशीच. आधी 'खोल विहीर', मग चाळीस फूट, आणि लोणारच्या शिबिरात दोनशे पोरं समोर बघून पन्नास. एकदा म्हटलं की खाली उतरता येत नाही.

हे सगळं मी तिथे रस्त्यावरच तिला सांगितलं. रडारड नाही, काही नाही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग येशूनं पाच भाकरीत पाच हजार लोकाइले जेवू घातलं, ते बी असंच वाढत वाढत गेलं का पप्पा?"

मी तीस वर्षं पवित्र शास्त्र वाचतो आहे. इतका कठीण प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि तो माझ्यामुळेच निर्माण झाला होता. तिथे मी भाषण करू शकलो असतो. केलं नाही. म्हटलं, "तिथं मी नव्हतो. ते मी मोजून दाखवू शकत नाही. विहीर दाखवू शकतो."

"मले नाही उतरायचं हौदात," ती म्हणाली आणि मागे बसली.

घरी बायको आधी मुलीवर चिडली, मग माझ्यावर. "यादी पाळकसाहेबाकडे गेली. पत्रिका छापल्या. आता सगळे इचारतीन ना, सचिवाचीच पोरगी काऊन मागं सरली? तुम्ही तिले समजावा जरा."

"काय समजावू? की बाप खोटं बोलला तरी तू उतर?"

"खोटं काय बोलले? पडले तं खरंच होते ना!"

धाकटीने मध्येच विचारलं, "पप्पा, तुम्ही खरंच पडले होते ना पण?" तिलाही आता खात्री करून घ्यावीशी वाटत होती. त्याच क्षणी मी ठरवलं. मुलगी हौदात उतरो न उतरो, पण माझ्या घरात देवाविषयी बोलताना एकही फुगवलेला आकडा राहता कामा नये. आणि तो जिथे फुगवला तिथेच, मंडळीसमोर, उतरवायचा.

पुढच्या शनिवारी तीस मीटरचा टेप आणि ओळंबा घेऊन मी आणि मोठी परत गेलो. म्हातारबुवा बांधावर बसलेले होते. सत्तरीच्या पुढचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी सलाम केला. त्यांनी डोळा बारीक करून बघितलं.

"कोण बे? विहिरीवाला का?"

"हाव काका."

"अठ्ठावीस वर्षानं आला! काय, परत पडतं का?"

मुलीला हसू आलं. गेल्या सहा दिवसांतलं पहिलं. मी म्हटलं, विहीर मोजायची आहे. त्यांना वाटलं सरकारी काम निघालं. सातबारा आणू का, म्हणाले. खरं कारण सांगितल्यावर ते बराच वेळ हसले.

"पन्नास फूट? पन्नास फुटात पडला असता तं तुह्या लग्नाचं जेवण कोणी खाल्लं असतं बे?"

टेपचं एक टोक त्यांनी काठावर दाबून धरलं, ओळंबा मी सोडला, आकडा मुलीने वाचला. काठापासून तळ एकतीस फूट. ते म्हणाले, पण तळ कशाला मोजतो, तू पडला तेव्हा भादवा होता, पाणी वर होतं. त्यांनी बांधकामातला एक काळा दगड दाखवला, पाणी इथं होतं. मोजलं. बारा फूट. म्हणजे मी बारा फूट पडलो होतो.

"आणि काका, मी आत किती वेळ होतो?"

"बिडी पेटवली होती म्या. अर्धी राह्यली होती, तवा तू बाहीर."

मुलीने वहीत लिहिलं, 'अर्धी बिडी'. मी म्हटलं, पाव तास धर.

मग तिने तिचा प्रश्न विचारला. "आजोबा, तुमाले कसं समजलं का आत कोणी पडेल हाय?"

"वरडत होता ना हा. तसे पोट्टे तं रोजच वरडत. गावचे सगळे पोट्टे दुपारी इथंच पोहे, उड्या मारे, 'वाचवा वाचवा' म्हणून एकमेकाची मस्करी करे. त्या वरडण्यावर मी कधी उठलो नसतो. पण हा देवाचं नाव घेऊन राह्यला होता. 'येशू मले वाचव, येशू मले वाचव.' म्या म्हटलं, पोहणारं पोट्टं कधी प्रार्थना नाही करत. काहीतरी इपरीत हाय. तसाच धावलो दोर घेऊन."

मी काठावर बसलो. अठ्ठावीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारायलाच आलो नव्हतो. या माणसाला गोष्टीतून काढताना मी नेमकी तीच जागा कापून टाकली होती जिथे माझी हाक पोहोचली.

मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा, हेच काऊन नाही सांगितलं तुम्ही? हे तं जास्त चांगलं हाय."

"माहीतच नव्हतं."

"इचारायचं तं होतं."

मी उठून काकांचे हात धरले आणि म्हटलं, "तुम्ही मला वाचवलं. उशीर झाला सांगायला." ते हात सोडवून घेत म्हणाले, "बरं बरं. चहा घे आता. एक डाव तरी यायचं होतं, तुही मामी म्हणे पोट्टं देवाचं झालं. म्या म्हटलं, असंन, पण देवाच्या माणसाले वाट सापडत नाही काय इकडची?" हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, तरी मुलीसमोर ते मला लागायचं तेवढं लागलं. लागायलाच हवं होतं.

रविवारी उपासनेत मी उभा राहिलो. कागदावर आकडे लिहून नेले होते. म्हटलं, मी तुम्हाला पन्नास फूट सांगत आलो, विहीर एकतीस फूट आहे. मी बारा फूट पडलो. तीन तास नाही, पाव तास. कोणी नव्हतं असं सांगितलं, ते खोटं होतं. शेजारच्या शेतातल्या काकांनी मला काढलं आणि मी त्यांना साक्षीतून काढून टाकलं. मी येशूला हाक मारली हे खरं आहे, आणि ती त्या काकांनी ऐकली म्हणून मी जगलो. मग बसलो. कोणी पदर डोळ्यांना लावला नाही.

बाहेर चप्पल घालताना एक वडीलधारे म्हणाले, "एवढं बारीक मोजायची काय गरज होती भाऊ? चांगली साक्ष मोडून ठेवली." मी म्हटलं, "मोडली नाही, दुरुस्त केली." त्यांना पटलं नाही. पाळकसाहेबांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. मात्र त्यानंतर त्यांनी मला 'विहिरीची सांगा' असं कधी म्हटलं नाही.

मला आशा होती की आता मुलगी हौदात उतरेल. खरं सांगायचं तर ती आशा धरूनच मी उभा राहिलो होतो. ती उतरली नाही. "यंदा नाही, पप्पा. तुमच्या विहिरीवर माह्या विश्वास होता. आता माह्या सोताचा पाह्यतो म्हटलं." यादीतलं तिसरं नाव मी स्वतः खोडलं. सहा मुलं उतरली.

साडेसातचा नेम आम्ही मोडला नाही. फक्त एक बदल केला: ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने गप्प बसावं. मोठी गप्प बसू लागली. अध्याय ऐकायची, गीत म्हणायची आणि माझी प्रार्थना संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायची. बायको पुन्हा पुन्हा खुणावायची, तिला म्हणायला लावा. मी लावलं नाही. आतून मला रोज वाटायचं, आपण तिला गमावतो आहोत. तरी लावलं नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मात्र आम्ही दोघं काकांकडे जात राहिलो. ती त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची, ते तिला 'तुह्या बाप कसा वरडला' ते करून दाखवायचे.

चार महिने झाले. एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे प्रार्थना संपवली आणि आमेन म्हणणार, तेवढ्यात ती बोलली. डोळे मिटलेले, आवाज सपाट, शाळेत वही तपासून घेताना असतो तसा.

"देवा, सोमवारी आजोबाच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. ते चांगलं होऊ दे. झालं तं मी मंडळीत सांगीन. नाही झालं तं ते बी सांगीन, काही वाढवणार नाही. तू ऐकतं का नाही, मले अजून पुरतं माहीत नाही. पण मी खरंच हाक मारून राह्यली."

धाकटीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. बायकोने पदराचं टोक घट्ट धरलं होतं. पुढच्या बाप्तिस्म्याची कोरी यादी टेबलावर माझ्यासमोरच पडलेली होती. तिच्यावर मी काही लिहिलं नाही.

"आमेन," मी म्हटलं.