उजवीकडची सीट

मी जर्मनीला निघालो तेव्हा बाबा मला मुंबईपर्यंत सोडायला आले, पण ड्युटीवर. एसटीच्या जालना डेपोत त्यांनी रजा मागितली नव्हती. एका सहकाऱ्याशी ड्युटी बदलून त्या दिवशीची मुंबई गाडी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. सकाळी मी आणि आई स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती आणि ड्रायव्हरच्या जाळीमागच्या पहिल्या सीटवर बाबांचा चौकटीचा रुमाल पसरलेला होता. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा आपल्याकडचा कायदा. इथे तर खुद्द ड्रायव्हरनेच रुमाल टाकलेला, त्यामुळे भरगच्च गाडीत त्या सीटकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

दिवसभराच्या प्रवासात आम्ही जवळजवळ बोललो नाही. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, ही पाटी माझ्या समोरच होती आणि बाबा ती पंचवीस वर्षं पाळत आले होते. मधूनमधून वरच्या आरशात त्यांचे डोळे दिसायचे. मुंबईला उतरलो तेव्हा मागे दुसरी गाडी फलाटासाठी थांबली होती, म्हणून त्यांना सीटवरून उठता आलं नाही. खिडकीतूनच म्हणाले, "नवा रस्ता आहे. पहिल्यांदा बघायचं, मग चालवायचं. जय भीम." मी बॅग घेऊन वळून पाहिलं तर माझ्या रिकाम्या सीटवर त्यांनी रुमाल पुन्हा पसरला होता. गाडी तर आता डेपोत जाणार होती. उचलायला विसरले असतील असं वाटलं, आणि पुढच्या धावपळीत तेही विसरलो.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात ब्रेकच्या चाचण्या घेतो. बापाने जन्मभर ब्रेक दाबले, मुलगा ते दाबून बघण्याचा पगार घेतो, असं आई येईल-जाईल त्याला सांगते.

इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो. कुणाचे तरी आई-बाबा, भाऊ, मेहुणे येणार असतात आणि त्यांना ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, गाडी चालवायची असते. मी मग माझी जुनी यादी पुन्हा टाकतो. पाहुणा असाल तर भारतातलं लायसन्स आणि सोबत आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. राहायला आला असाल तर सहाच महिने, पुढे इथला फ्युररशाइन, म्हणजे लायसन्स, काढावा लागतो. गल्लीबोळात पाटी नसेल तर 'रेष्ट्स फोर लिंक्स', म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो खटाऱ्यात का असेना. हॉर्न हा संवाद नाही, तो धोक्याला आहे. डावी लेन ओव्हरटेकपुरती, तिथे संसार थाटायचा नाही. आणि सगळ्यात घातक म्हणजे सकाळी रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडणं. रहदारी असली की माणूस पुढच्याच्या मागे बरोबर उजवीकडून जातो. रस्ता रिकामा असला की हात आपोआप जालन्याच्या बाजूला वळतात.

यादीत रेटुंग्सगासेबद्दलही दोन ओळी आहेत. हायवेवर वाहतूक तुंबायला लागली की सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, आणि मधे एक मोकळी वाट राहते. ती अँब्युलन्ससाठी. अँब्युलन्स दिसल्यावर नाही, आधीच. या दोन ओळींमागची गोष्ट मी ग्रुपवर कधी लिहिली नाही आणि घरी तर नाहीच नाही.

येऊन तिसराच महिना होता. सेकंडहँड गाडी घेतली होती आणि भारतातल्या लायसन्सवर मोठ्या रुबाबात फिरत होतो. ए-सिक्स हायवेवर गाड्या थांबल्या, दोन्ही बाजूंना सरकल्या आणि माझ्यासमोर मधोमध सरळ, रिकामा रस्ता उघडला. या लोकांना गाड्या चालवता येत नाहीत, एवढी जागा वाया घालवतात, असं मनाशी म्हणत मी गाडी घातली. थोडा पुढे गेलो असेन, तर मागे निळे दिवे. मला बाजूला व्हायलाही फट नव्हती. शेजारच्या गाड्या इंच इंच हलवून लोकांनी मला कुशीत घेतलं, तोवर अँब्युलन्स माझ्या पाठीशी उभी. तिच्या ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे कोण जखमी होतं, त्याचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

नंतर पत्र आलं, दंड झाला, महिनाभर गाडी चालवायला बंदी झाली. त्यानंतर इथल्या लायसन्सच्या प्रॅक्टिकलमध्ये मी दोनदा नापास झालो. पहिल्यांदा, कारण मी बाबांसारखा नुसत्या डोळ्यांनी आरशात बघायचो आणि परीक्षकाला खांद्यावरून वळलेली मान दिसायला हवी होती. दुसऱ्यांदा एका गल्लीतून उजवीकडून आलेल्या बाईंना मी आधी जाऊ दिलं नाही. घरी मात्र सांगितलं, इथे वेटिंग फार आहे. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बाबांचा राग यायचा. दिसली फट की घाल गाडी, हे मी त्यांच्याच मागे बसून शिकलो होतो.

यंदा मे महिन्यात बाबा आले. ताईचं बाळंतपण असल्यामुळे आईला निघता आलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आंतरराष्ट्रीय परवाना. जालन्याच्या आरटीओत जाऊन त्यांनी तो कुणाला न सांगता काढला होता. रिटायर झाल्यावर सहा वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट असेल, आणि तीही तोंडाने मागितली नव्हती. मी पुस्तक चाळलं, छान आहे म्हटलं आणि सांगितलं की आमच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये दुसऱ्याला चालवता येत नाही. त्यांनी पुस्तक परत पिशवीत घातलं.

मग ते माझ्या शेजारी बसू लागले. इथे चालक डावीकडे, म्हणजे बाबा बसायचे बरोबर त्या उजव्या सीटवर, जिथे त्यांनी जन्म काढला होता, फक्त समोर स्टिअरिंग नाही. मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा. चौकात आलो की उजवीकडे बघायचे, लेन बदलताना मान वळवून मागे बघायचे. परदेशी रस्ता बघून करमणूक करून घेतायत असं मला वाटायचं.

त्यात पार्किंगचं प्रकरण झालं. शनिवारच्या बाजाराला जागा मिळत नव्हती. लांबवर एक गाडी निघताना दिसली तसे बाबा दार उघडून उतरले, तरातरा गेले आणि त्या रिकाम्या चौकोनात रुमाल हातात धरून उभे राहिले. एक जर्मन आजोबा तिथे गाडी लावायला आले होते. ते काच खाली करून काहीतरी सांगत होते आणि बाबा हसून लांब असलेल्या माझ्या गाडीकडे बोट दाखवत होते. मी धावत जाऊन माफी मागितली. आजोबा बाबांना म्हणाले, "जागा गाडीची असते, माणसाची नाही." मी त्याचं मराठी केलं. बाबांना ते अजिबात पटलं नाही. माणूस आधी येतो, गाडी त्याच्या मागून, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी ही गोष्ट घरी हसत सांगितली, पण माझी बायको प्रणाली हसली नाही. बाबा आंघोळीला गेल्यावर तिने विचारलं की इन्शुरन्समध्ये नाव घालायला ॲपवर किती वेळ लागतो. मला माहीत होतं. दोन मिनिटं, मी म्हणालो. "मग खरं काय ते सांग ना त्यांना," ती म्हणाली. "इन्शुरन्सच्या नावाखाली कशाला? विश्वास तुझा नाहीये त्यांच्यावर." मी भाजीच्या पिशव्या ओट्यावर रिकाम्या करायला घेतल्या. बाबांच्या परतीला आता अकराच दिवस उरले होते.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं हायडेलबर्गचा किल्ला बघायला निघालो. प्रणालीला काम होतं. ए-सिक्सवर, तो जुना पट्टा मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर, श्टाउ, म्हणजे ट्रॅफिक जॅम, लागला. मी डावीकडे सरकलो, शेजारचे उजवीकडे, आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत मोकळी वाट पडली. बाबा पुढे वाकून बघत राहिले. दिसली जागा, आता म्हणतील घाल, असं वाटून मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, अजून कुणी नाही. आलं तर जाता यावं म्हणून.

त्यांनी मान वळवून मागचीही वाट बघून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे सगळ्यांनी मिळून रुमाल टाकलाय. कोण येणार ते माहीतसुद्धा नाही, तरी."

तिथे, गाडी उभी असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. ती फट, ते निळे दिवे, बंदी, दोनदा नापास होणं, वेटिंगची थाप. त्यांचा राग यायचा हेही सांगितलं. इन्शुरन्सचं खोटं होतं, हेही. बाबा समोर बघत ऐकत होते. मागून अँब्युलन्स आली, आमच्या शेजारून सुसाट निघून गेली, तिच्यामागून पोलिसांची गाडी गेली. कुणी तिच्या मागे गाडी घातली नाही.

"मी असतो तर मीपण घातली असती," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही." आणि थोड्या वेळाने, "तुला पहिला दिवस मिळाला ना? मग मला कामून नाही?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून ॲपवर त्यांचं नाव घातलं. त्यांनी चष्मा लावून स्पेलिंग तपासलं.

रविवारी सकाळी द्राक्षमळ्यांमधल्या रस्त्यावर त्यांनी गाडी हातात घेतली. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायर पायाने दाबून पाहिले, मग बसले. पहिले दोन गिअर शोधताना त्यांचा डावा हात दारावर आपटला. त्यानंतर मला बोलायला त्यांनी काही ठेवलं नाही. गावातल्या प्रत्येक बिनपाटीच्या चौकात ते थांबून उजवीकडे बघायचे. लेन बदलताना मान अशी वळवायचे की माझ्या परीक्षकाने उठून हात मिळवला असता. चार आठवडे ते करमणूक करत नव्हते, शिकत होते. बाहेरच्या रस्त्यावर मात्र साठच्या वर जाईनात. मागे पाच-सहा गाड्यांची शेपटी झाली तशी त्यांनी मळ्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली, सगळ्यांना जाऊ दिलं आणि परत रस्त्याला लागले. माझा पाय तेवढा वेळ पायपुसण्यावर दाबलेला होता.

घरी आल्यावर किल्ली माझ्या हातावर ठेवली. नोकरीत एकही अपघात नाही म्हणून त्यांना डेपोत बिल्ला मिळाला होता, तो आमच्या जालन्याच्या घरात टीव्हीच्या वर टांगलेला आहे. ते प्रणालीला म्हणाले, "एकतीस वर्षं आणि एक दिवस." तिने त्यांना वाकून नमस्कार केला. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

ग्रुपवरच्या यादीत मी तेव्हा शेवटी एक ओळ वाढवली. येणाऱ्यांना एक दिवस तरी गाडी द्या, पण त्याआधी त्यांना शेजारी बसवून भरपूर बघू द्या. तुमचा पहिला दिवस कसा गेला होता तेही सांगा.

बुधवारी त्यांना फ्रँकफर्टला सोडलं. आत सिक्युरिटीपर्यंत गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि परतीला डाव्या लेनमध्ये रेंगाळू नकोस म्हणाले. पार्किंगमध्ये येऊन मी दार उघडलं तर उजवीकडच्या सीटवर चौकटीचा रुमाल होता. मी लगेच फोन लावला, म्हटलं, बाबा, रुमाल राहिला तुमचा.

"राहिला नाही," ते म्हणाले. "टाकलाय."

मागून कुणीतरी माझी जागा रिकामी होण्याची वाट बघत होतं, तरी मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मुंबईला त्या रिकाम्या सीटवर पसरलेला रुमाल ते उचलायला विसरले नव्हते, हे मला बारा वर्षांनी कळलं. माझी जागा त्यांनी तेव्हापासून धरून ठेवली होती. आता इथे त्यांची धरलेली आहे. घर म्हणून मला याहून जास्त काही सांगता येत नाही. प्रणाली शेजारी बसते तेव्हा रुमालाची घडी करून मांडीवर घेते आणि उतरताना परत पसरून ठेवते.