मास्तरांची उसनी कातडी

कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक चढवायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि पट्टीसारख्या सतत फिरणाऱ्या पात्यावर तो सगळा गठ्ठा सरकवत न्यायचा, म्हणजे एका दमात ढीगभर शर्टांच्या बाह्या कापून तयार. त्या पात्याशी काम करणाऱ्यानं डाव्या हातात पोलादी कड्यांचा मोजा घालायचा, असा नियम. नव्या माणसांना मास्तर हा नियम ओरडून ओरडून सांगत आणि स्वतः मात्र मोजा काढून खिळ्याला अडकवत. का? तर म्हणे मोज्यातून कापड बोलत नाही. मधलाच एखादा थर सरकला तर बोटांना कळतं, पोलादाला कसं कळणार? आता बोलणं काही खोटं नव्हतं. पण पात्याला खऱ्याखोट्याशी काय देणंघेणं? एका दुपारी थर सरकला, बोटं तो शोधायला गेली आणि मनगटापासून हात गेला.

लोकांना वाटलं, माणूस आता खचणार, आदळआपट करणार, निदान देवाला चार शिव्या तरी घालणार. मास्तरांनी त्यातलं काही केलं नाही. पुढ्यात ताट आलं की जेवायचे. मीठ विसरलं असलं तरी जेवायचे. पोरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागल्याचा फोन आला, तर "बरं झालं" म्हणाले आणि पुन्हा खिडकीतून समोरची भिंत बघत बसले. कारखान्यातला इस्त्रीवाला दर रविवारी यायचा, गप्पा मारून मारून थकायचा. जाताना दाराशी हळूच म्हणायचा, "वहिनी, हात एक गेलाय, पण माणूस अख्खाच गेल्यासारखा दिसतोय." मास्तरांना ते ऐकू जायचं. रागही यायचा नाही. दुःख झालं असतं तर बरं, असं त्यांना कधी कधी वाटे, पण तेही व्हायला तयार नव्हतं.

बायकोला शेजारीपाजारी मास्तरीण म्हणत. ती बोलभांड, हसरी, घर डोक्यावर घेणारी. तिला मास्तर आता डावीकडे फिरकूच देत नसत. रस्त्यानं चालताना ती चुकून त्या बाजूला आली की जागच्या जागी थांबायचे. ती वळसा घालून उजवीकडे गेली की मग पुढे चालायचे. पलंगावरही बाजू बदलल्या. उजवा हात चांगला धडधाकट होता, त्यानं बटणं लावत, दाढी करत, रेडिओचा कान पिळत. त्या हातानं बायकोचा हात मात्र त्यांनी एकदाही धरला नाही. तिनं धरला तर सोडवून घेत नसत, नुसता तसाच ठेवत. ते तर जास्तच वाईट, असं ती बहिणीला फोनवर सांगायची.

मग तो शोध लागला. म्हणजे वर्तमानपत्रात छापून आला. वर्तमानपत्रांचं काय जातं म्हणा! दर आठवड्याला कुणीतरी कुठेतरी जग बदलून टाकतं आणि पुढच्या आठवड्यात तोच कागद कपाटात कपड्यांखाली अंथरलेला असतो. या खेपेला मात्र हाताची जखम शिवणाऱ्या डॉक्टरांनीच मास्तरांना फोन केला. विद्यापीठातल्या एका मॅडमनं नवा पदार्थ बनवलाय, कातडीसारखा. कृत्रिम हाताच्या बोटांवर तो चढवायचा, दंडातल्या मज्जातंतूला केसाएवढ्या बारीक तारा जोडायच्या, की बोटाला लागलेलं माणसाला कळतं. करून बघायला माणूस हवाय. मास्तर "बघू" म्हणाले. मास्तरीण म्हणाली, "बघू काय बघू? चला."

प्रयोगशाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नळ गळत होता, खुर्चीचं एक चाक गेलेलं आणि काचेच्या बशीत ती कातडी, दुधावरच्या सायीएवढी पातळ, जरा निळसर. मॅडम चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, केसात पेन खोचून तेच पेन शोधणाऱ्या. त्यांनी ब्लेडनं एक तुकडा मास्तरांच्या देखत मधोमध कापला, दोन्ही कडा एकमेकींना टेकवून ठेवल्या आणि पाणी पिऊन आल्या. तुकडा सांधला होता. ओढून दाखवला, तुटेना.

"कापलेलं आपलं आपण जोडलं जातं, मास्तर! यासाठी आम्ही सात वर्षं घालवलीत."

"छान," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते 'छान' असं निघालं की मॅडमनी तुकडा मुकाट्यानं परत बशीत ठेवला.

शस्त्रक्रिया झाली, तारा बसल्या. पुढचे कित्येक महिने मास्तर बसनं जायचे, चाक गेलेल्या खुर्चीत बसायचे आणि कोपराखालचा स्नायू आवळून कृत्रिम हाताचा अंगठा आणि पहिलं बोट हलवायचे, ठोकळ्यांवर दाबायचे. समोरच्या संगणकाच्या पडद्यावर रेघ वर जायची. आधी दंडात नुसत्या मुंग्या यायच्या. मग एका दिवशी नसलेल्या बोटाच्या टोकाला कुणीतरी हळूच दाबल्यासारखं वाटलं. मास्तर म्हणाले, "हं. कळतंय." खोलीत आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना वाटलं, आपण कुणाच्यातरी लग्नात चुकून शिरलोय.

मॅडमची एकच ताकीद होती आणि ती त्यांनी शंभरदा दिली होती. दाबायचं, घासायचं नाही. कातडी कापली तर सांधते, पण जिच्यामुळे स्पर्श कळतो ती भुकटी अगदी वरच्या अंगाला बसवलेली असते; घासली की झडते, आणि झडली की संपलं.

पुढे दंडाला तारांच्या तोंडाशी लाली दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, आता तारा काढायलाच हव्यात, पुढच्या आठवड्यात. पुन्हा बसवता येतील की नाही, सांगता येत नाही. मॅडमकडे नव्या कातडीचा एकच तुकडा नीट उतरला होता, दोन बोटांपुरता, आजवरच्या सगळ्यांपेक्षा नाजूक. त्यात ऊन-गार कळणार होतं, मऊ-राठ कळणार होतं. शेवटच्या दिवशी तो लावायचा ठरला.

हे ऐकल्यावर मास्तरीण भांडी घासता घासता थांबली. "त्या दिवशी मी येते. मला काही नको. त्या हातानं माझा हात धरा. एकदाच धरा, आणि तुम्हाला कळलं की मला सांगा."

"त्यानं काय होणार आहे?"

"मला काय माहीत काय होणार! तुम्ही परत याल, असं मला वाटतं. वेडी म्हणा हवं तर."

 ती रात्रभर कूस बदलत होती, हे मास्तरांना कळत होतं. हिच्यासाठी तरी काहीतरी वाटायला हवं, असं मनाला बजावून ते पडून राहिले.

त्या दिवशी तिनं निळा सुती ब्लाउज घातला, पूर्ण बाह्यांचा. अपघाताच्या आधी मास्तरांनीच तो कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यातून शिवला होता. बसमध्ये ती एरवी कंडक्टरशीसुद्धा वाद घालायची, आज सुट्टे पैसे मागायचंही विसरली.

मॅडमनी चिमट्यानं कातडी बोटांवर बसवली, तारा जोडल्या, संगणकाचा पडदा सुरू केला. ठोकळ्यांचे सोपस्कार उरकले. थंड पळी, कोमट पळी, लाकूड, स्पंज. मास्तर बरोबर सांगत गेले. मग मॅडम बाजूला झाल्या. "या वहिनी. बसा समोर. मास्तर, हळू हं. नुसतं दाबायचं."

मास्तरीण समोर बसली आणि तिनं हात पुढे केला, तळवा वर.  मास्तरांनी डावा हात उचलला, पुढे नेला. तिचा तळवा चार बोटांवर राहिला असेल, तेवढ्यात तिच्या मनगटाशी बाहीची कड दिसली.

आता पन्नाशीच्या कटिंग मास्तरसमोर कापड आलं, तर तो काय करणार? विचार वगैरे काही नाही. अंगठा आणि बोट बाहीच्या कडेला गेले, चिमटीत कापड धरलं आणि सर्रकन चोळलं. दुकानात, कारखान्यात, लग्नात पाहुण्याच्या कोटाचंसुद्धा, जन्मभर जसं चोळलं तसंच. एकदा, दोनदा.

"मास्तर!" मॅडम किंचाळल्या.

पडद्यावरची रेघ एकदम उंच उडाली, थरथरली आणि सपाट झाली.

खोलीत गळणारा नळ तेवढा ऐकू येत होता. मॅडमनी बोटं भिंगाखाली धरली, पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.  त्यांचीही वर्षं त्या दोन बोटांवर होती. मास्तरीण तशीच बसून होती, हात पुढे केलेला, तळवा वर. मास्तरांनी मुकाट्यानं तो रबरी हात तिच्या हातावर ठेवला.

"कळतंय?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मास्तरांच्या जिभेवर आलंही होतं.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही."

तिनं मान हलवली. ओठ घट्ट मिटले. मग तिच्यातली जुनी मास्तरीण जरा वर आली. "कापडाला विचारलंत आधी. जन्मभर तेच केलंत. माझा नंबर नंतर."

मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. बाहीकडे बघत होते. कपाळाला आठी पडली होती.

"हे विरलंय," ते म्हणाले.

"काय?"

"कापड. काठाशी पार विरलंय, सूत सुटं लागलं बोटाला. कोपरावर बघू? बघ, इथे तर आरपार दिसतंय." त्यांनी उजव्या हातानं तिचं कोपर धरून वळवलं, उजेडाकडे केलं. "किती दिवस हेच घालतेयस?"

मास्तरीण रडायला लागली. रडली म्हणजे अगदी हमसून हमसून, मॅडमसमोर, तारांसमोर. मास्तर गोंधळले. बाहीवरून रडण्यासारखं काय आहे, त्यांना कळेना. हात गेल्यापासून त्यांनी तिला तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या होतं.

"तुम्ही दुसरा शिवलाच नाहीत," ती म्हणाली. "मग काय घालू?"

मास्तरांना रडू आलं नाही. आतून काही भडभडूनही आलं नाही. आत होतं तसंच सगळं बधिर होतं. फक्त एवढंच, की कोपर अजून त्यांच्या उजव्या हातात होतं आणि ते सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मॅडमनी तारा सोडवल्या. मास्तर दारात थांबले. "तुमचा तुकडा वाया घालवला मी."

"वाया नाही," मॅडम म्हणाल्या, पण आवाजात दम नव्हता. मग केसातलं पेन काढून त्या पडद्याकडे वळल्या. "विरलेलं कळलं तुम्हाला. तेवढं लिहून ठेवते."

जिन्यात मास्तर म्हणाले, "मोठी कात्री आहे ना घरात?"

"आहे. तेल घालून ठेवलीय."

"निळंच कापड घेऊ. पण एका हातानं कापता येत नाही, सरकतं. दुसरीकडून कुणीतरी ताणून धरायला पाहिजे."

"मी धरीन."

"डाव्या बाजूनं धरावं लागेल."

तिनं पदरानं नाक पुसलं. दोघं रस्त्यावर आली. बसथांब्याकडे निघाली, तेव्हा ती चालता चालता डावीकडे आली. मास्तर थांबले नाहीत.