वच्छला सिस्टर गाडी निवडतात

कुरखेड्यात वच्छला भानारकर म्हटलं तर माणूस जरा विचारात पडेल, पण वच्छला सिस्टर म्हटलं की कोणीही उठून घर दाखवील. उपकेंद्रातली नर्स म्हणून त्यांनी उभी नोकरी याच तालुक्यात काढली. आधी सायकल, मग लुना, मग स्कूटी. खांद्याला लसीचा डबा अडकवून त्या ज्या गावांना जात, त्यातल्या कित्येक गावांना तेव्हा नीट रस्ताही नव्हता. लुनाचा आवाज कानी पडला की पोरं धानाच्या बांध्यांकडे पळत आणि त्यांच्या आया त्यांना धरून आणत. वच्छलाबाई रागावत नसत. सुई टोचून झाली की पोराला म्हणत, "आता दे मले शिवी, मोकळा हो."

मागच्या वर्षी त्या रिटायर झाल्या. आठ दिवस घरात बसल्या, नवव्या दिवशी देसाईगंजच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा पोरगा दोनदा म्हणाला, "मावशी, दमानं घ्या." तिसऱ्यांदा म्हणायची त्याच्यावर वेळ आली नाही. लायसन हातात पडलं त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "आता गाडी घेतो. मोठी. सारे बसले पाहिजे, आनि एटापल्लीचा रस्ता तिनं सोसला पाहिजे."

एटापल्लीला त्यांची लेक स्वाती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. जावई दिनेश वनखात्यात. एसटीनं जायचं म्हणजे गडचिरोली, आलापल्ली अशा गाड्या बदलत सारा दिवस जाई.

घनश्यामभाऊंनी जन्मात सायकल आणि तलावातला डोंगा यांशिवाय काही चालवलं नव्हतं. तलावावर जाळं टाकायचं, थोडं धान पिकवायचं, मच्छीमार संस्थेच्या सभेत भांडायचं, हा त्यांचा दिनक्रम. पण गाडीच्या बाबतीत घरात सगळ्यात पक्कं मत त्यांचंच होतं. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलानं, अंकुशनं, फोनवर दोन प्रकार समजावून सांगितले होते. एक गाडी निव्वळ बॅटरीवरची. दुसरी दोन्हींवर चालणारी. घरी चार्ज करा, थोडं अंतर विजेवर जा, पुढे पेट्रोल आहेच.

"दोन्हीवाली घे," घनश्यामभाऊ म्हणाले. "जंगलात बॅटरी संपली त काय ढकलत नेशीन?"

"आनि पेट्रोल संपलं त?"

"पेट्रोल कुठीबी भेटते."

स्वाती मात्र फोनवर म्हणे, "आई, पूर्ण इलेक्ट्रिकच घे. तुमच्या घरावर सोलर आहे ना, मग?" अंकुश म्हणे, दोन्हीवालीच सोयीची. वच्छलाबाई दोघांचं ऐकून घेत आणि दोघांनाही हो म्हणत नसत. डॉक्टरनं सांगितलेलं औषधसुद्धा त्या बाटलीवरचं वाचल्याशिवाय कुणाला देत नसत, मग गाडी कशी ऐकीव माहितीवर घेणार?

देसाईगंजचे राइस मिलवाले हेमराज हे घनश्यामभाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्याकडे दोन्हीवाली होती. "चाला, एटापल्लीले जाऊन येऊ," ते म्हणाले. "वहिनी, तुमीच चालवा. मी मागं बसून झोपतो."

चैत्राचे दिवस होते. तिघं पहाटेच निघाली. गाडी झकास होती. वच्छलाबाईंना उंचावर बसून रस्ता पाहायची मजा वाटली. आष्टी मागे पडली, दोन्ही बाजूंनी जंगल दाटलं, आणि आलापल्लीच्या अलीकडे फट्ट असा आवाज होऊन गाडी एका अंगाला कलली. चाकात बोटाएवढा लोखंडी तुकडा घुसला होता.

"काही नाई," हेमराज खाली उतरत म्हणाले. "स्टेपनी लावू."

त्यांनी डिक्की उघडली, खालचं झाकण उचललं आणि तसेच उभे राहिले. स्टेपनीच्या जागी बॅटरी होती. बाजूला एक छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली. त्यांनी बाटली चाकात रिकामी केली. सगळा पांढरा फेस भोकातून रस्त्यावर आला. आणखी एक पिशवी निघाली, कंपनीनं दिली तशीच सीलबंद. वच्छलाबाईंनी ती हातात घेऊन पाहिली. आत चार्जिंगची वायर होती.

"हेमराजभाऊ, हे काऊन पॅक आहे?"

हेमराज ओशाळून हसले. "कोन रोज लावते वहिनी? पेट्रोल आहे ना. धावते मस्त."

"म्हंजे बॅटरी उगाच फिरवून राह्यले तुमी. आनि तिच्यापायी स्टेपनी गेली."

घनश्यामभाऊ खाकरले आणि झाडांकडे पाहू लागले.

हेमराजांनी आलापल्लीच्या पंक्चरवाल्याला फोन लावला. तो मोटरसायकलवर जॅक घेऊन आला, चाक काढलं आणि ते मांडीवर धरून बसलेल्या हेमराजांना घेऊन गेला. रस्त्याच्या कडेला नवरा-बायको उरली. जवळच मोहाची झाडं होती आणि खाली एक बाई टोपलीत फुलं वेचत होती. तिनं नाव सांगितलं, सोमारी. गाव तिथंच, पलीकडे.

"गाडी सावलीत लोटा बाई," ती म्हणाली. मग तीन चाकांकडे पाहून स्वतःच हसली. "नाई, राहू द्या. लोटत नाई ते."

रिकामं बसणं वच्छलाबाईंना कधी जमलंच नाही. त्यांनी पदर खोचला आणि फुलं वेचायला लागल्या. थोड्या वेळानं घनश्यामभाऊही आले. सोमारीनं त्यांना फुलं पायाखाली तुडवू नका म्हणून दोनदा टोकलं, तेव्हा ते बसून वेचू लागले. तिची नात गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. ते कळल्यावर दोघींच्या गप्पांची गाडी जी सुटली ती थांबेना. दुपारी सोमारीनं भात आणि आंबाडीची भाजी आणली. जेवून घनश्यामभाऊंनी झाडाखाली चक्क डुलकी काढली.

हेमराज चाक घेऊन परतले तेव्हा वच्छलाबाईंच्या मनातली एक गोष्ट साफ झाली होती. जंगलात गाडी बंद पडण्याचं भय घरात महिनाभर चघळलं गेलं होतं. आज गाडी बंद पडली, तीही पेट्रोलनं भरलेली, आणि दिवस काही वाईट गेला नाही.

त्या दिवशी स्वातीकडे पोचायला उशीरच झाला. चहा झाला, नातवंडाला मांडीवर घेऊन झालं, आणि हेमराज घड्याळ पाहू लागले. दुसऱ्या दिवशी मिलवर त्यांना काम होतं. पेट्रोल भरपूर होतं, थांबायला कारण नव्हतं. स्वाती फाटकाशी उभी राहून म्हणाली, "आई, तू येतेस कशाला? तोंड दाखवायले?"

लेकीचं खरं होतं. नोकरीत असताना रजा मिळे ती एका दिवसाची. स्वातीच्या बाळंतपणातसुद्धा लसीकरणाची मोहीम मध्ये आली आणि त्या चौथ्या दिवशी परतल्या होत्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी गडचिरोलीच्या दिव्याला फोन केला. दिव्या त्यांच्या हाताखाली शिकलेली नर्स, आता जिल्ह्याच्या ठिकाणी होती, आणि तिच्याकडे पूर्ण इलेक्ट्रिक गाडी होती. "न्या ना मॅडम," ती म्हणाली. "मले तशीही चार दिवस सुट्टी नाई. फक्त संध्याकाळी चार्जिंगले लावायचं विसरू नका." वच्छलाबाईंना हसू आलं. ज्या बाईनं इतकी वर्षं वीज गेली की आधी लसींच्या फ्रिजकडे धाव घेतली, तिला चार्जिंगचं कोण शिकवणार?

दोघं एसटीनं गडचिरोलीला गेली आणि दिव्याची गाडी घेऊन निघाली. वच्छलाबाईंनी आधी डिक्कीत हात घालून स्टेपनी चाचपली, होती. गाडीला आवाजच नव्हता. घनश्यामभाऊंची नजर समोरच्या टक्क्याच्या आकड्यावर अशी खिळली, जशी गळ टाकल्यावर पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडावर खिळायची.

"सत्तर झाले," ते म्हणाले.

"हाव."

"एकोनसत्तर."

"अवो, बाहेर पहा जरा. पळसाले पालवी फुटून राह्यली."

एका उतारावर आकडा एकानं वाढला. घनश्यामभाऊ सीटवर सरसावून बसले. "हे पाय! परत देऊन राह्यली!" पुढच्या प्रत्येक उताराची ते वाट पाहू लागले आणि चढ आला की नाराज होऊ लागले. आलापल्लीत एका ढाब्यापाशी चार्जर असल्याचं मोबाईल सांगत होता. तो त्या दिवशी बंद निघाला. घनश्यामभाऊंनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "स्वातीच्या घरी कूलरचं मोठं प्लग आहे," आणि गाडी पुढे काढली.

स्वातीच्या दारात दोघं पोचली तरी कोणी बाहेर आलं नाही. अंगणातल्या कोंबड्याही हलल्या नाहीत. शेवटी घनश्यामभाऊंनी खिडकीतून हाक मारली तेव्हा स्वाती पिठाच्या हातानं धावत आली. "कवा आले तुमी?"

गाडी प्लगला लावली. सकाळी पाहतात तो आकडा थोडाच वर सरकलेला. रात्री वादळ सुटलं होतं आणि वीज बराच वेळ गेली होती. तेवढ्यावर गडचिरोली गाठता येणार नव्हती.

"मी म्हनलं होतं," घनश्यामभाऊ म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. दिनेशनं त्यांना नाल्याच्या डोहावर यायचं विचारलं होतं आणि ते जाळं शोधत होते.

वच्छलाबाईंनी दिव्याला फोन करून गाडी आज नाही, उद्या येईल असं कळवलं. मग पहिल्यांदाच, लेकीच्या घरी, त्यांना करायला काही उरलं नाही. त्यांनी स्वातीच्या केसांना तेल लावलं. स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुसले. दुपारी मायलेकी चटईवर आडव्या पडून बोलत राहिल्या; बोलता बोलता स्वातीनं सांगितलं की बदलीसाठी तिला विचारलंय, आणि तिला जायचं नाहीये. हे ती फोनवर कधी बोलली नव्हती. वच्छलाबाईंनी सल्ला दिला नाही, नुसतं ऐकलं. संध्याकाळी मासे आले, रस्सा झाला, आजोबांनी काटे काढून दिले तसा नातू त्यांच्याच ताटात जेवला.

जेवण झाल्यावर अंगणात बसून वच्छलाबाई म्हणाल्या, "हीच घेऊ."

"बॅटरीवाली?"

"हाव. रोजचं देसाईगंज, आरमोरी आपल्या घरच्या विजेवर होते. आनि इथी आलो की ती चार्ज होतपर्यंत राहावं लागते. मले थेच पाहिजे. दुसरी घेतली त मी आपली चहा पिऊन परत."

घनश्यामभाऊ आता विरोध करतील म्हणून स्वाती तयारीत होती.

"रंग कोनता?" त्यांनी विचारलं.

"पांढरा."

"पांढरा नाई. पांढरी ॲम्ब्युलन्स दिसते. लोकं म्हनतीन, सिस्टर अजून ड्युटीवर आहे."

"म्हनू द्या ना."

"निळा घे. तलावासारखा."

वाद बराच रंगला. दिनेशनं करडा सुचवला, त्याला दोघांनी मिळून गप्प केलं. गाडी आली ती पोळ्याच्या आधी, निळीच आली. दर महिन्याला आता ती एटापल्लीच्या अंगणात दोन रात्री उभी असते, आणि कुरखेड्यात असली की घनश्यामभाऊ सकाळी तिच्यात बसून आकाशवाणीच्या बातम्या ऐकतात. चालवायला शिकायचं म्हणून सुरुवात केलीय म्हणे. अजून फाटकाबाहेर गेलेले नाहीत.