आपोआप गेलेल्या चामखिळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही — तिला ठाऊकच होतं, ते पुढे येईल. आणि गोष्ट तरी कशाची? चामखिळींची. हसा खुशाल. मीही हसतो, अर्ध्यापर्यंत.

सत्तरच्या दशकात मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. नवी पदवी, नवं लग्न आणि उजव्या हाताच्या बोटांवर चामखिळींचं पीक. खडू धरला की पुढच्या बाकावरची पोरं फळा सोडून माझी बोटं बघायची. डॉक्टरांनी एकदा त्या जाळल्या, तर गोतावळा घेऊन परत आल्या.

माझे सासरे — मी त्यांना मामा म्हणायचो — माथेरानला घोडेवाले. त्यांच्या बिजली घोडीच्या शेपटीचा केस चामखिळीला करकचून बांधला की ती गळते, अशी ख्याती होती. पार नेरळपासून माणसं डोंगर चढून यायची. मामा केस फुकट द्यायचे, पण देताना असे ताठ उभे राहायचे की बघत राहावं. दिवाळसणाला त्यांनी मलाही पुडीत बांधून केस दिला. मी तो सगळ्यांदेखत परत केला आणि वर व्याख्यान झोडलं — चामखीळ विषाणूमुळे होते, विषाणूला घोडी कळत नाही, वगैरे. मामा म्हणाले, "असंल बाबा. तुमी शिकलेली माणसं." पुडी त्यांनी गुपचूप खिशात ठेवली.

आणि मग — सांगतो — दुसऱ्या दिवशी पहाटे मी तबेल्यात शिरलो. का? बोटं माझी होती ना! मागायची लाज, म्हणून स्वतःच शेपूट धरलं. बिजलीनं मांडीवर अशी लाथ हाणली की मी थेट लिदीत बसलो. केस मात्र हातात होता. घरी सांगितलं, लाल मातीच्या उतारावर घसरलो. मामांनी घोड्यांच्या पायांना लावायचं तेल आणून माझी मांडी स्वतः चोळली. मी डोळे मिटून कण्हत राहिलो. डोळे उघडून त्यांच्याकडे बघणार कसा?

केस एकाच चामखिळीला बांधला, वर पट्टी लावली. काही आठवड्यांनी ती गेली. मग न बांधलेल्याही गेल्या — सगळ्याच्या सगळ्या!

आता भल्या माणसानं काय केलं असतं? मी पुढच्या भेटीत मामांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर हात नाचवले. आपोआप गेल्या, म्हणालो. शरीराचे शिपाई जागे होतात, केसबीस काही लागत नाही. बायको चहा देत होती. पट्टीखालचा केस तिनं पाहिला होता. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ द्या, चहा घ्या."

मामांनी त्या दिवसापासून केस देणं बंद केलं. चढून आलेल्यांना सांगायचे, "आमचे जावई सायन्सचे मास्तर हायत. ते म्हंतात, केसाचा उपेग नाय. आपोआप जातंय." अभिमानानं सांगायचे — हे जास्त लागतं.

पुढे त्यांच्याच अंगठ्यावर चामखीळ आली, नेमकी लगाम घासतो तिथे. दारात बिजली शेपटीनं माश्या हाकलत उभी, आणि मामा केस बांधेनात. मी गेलो की अंगठा पुढे करायचे. "मास्तर, आपोआप कदी व्हतं वो?" होईल, मी म्हणायचो.

त्याच सुमारास एका मासिकात वाचलं — शरीराच्या शिपायांमध्ये काही पेशी अशा असतात, ज्यांचं कामच बाकीच्यांना आवरायचं. त्या नसत्या तर शिपायांनी आपलंच घर पेटवलं असतं. पण त्या आवरतात म्हणूनच काही विषाणू वर्षानुवर्षं अंगात मुक्काम ठोकून राहतात. आवर सैल झाला की शिपाई एकदम तुटून पडतात. म्हणजे माझी थाप कदाचित खरीच होती! केसानं काही केलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी खो खो हसलो. बायकोनं विचारलं, काय झालं? सांगितलं — अगं, घरात भांडण नको म्हणून सगळ्यांना गप्प करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या जिवावर रोग सुखानं नांदतो.

ती हसली नाही.

मला तेव्हा तरी डोंगर चढून मामांना खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मामा अंगठा वर ठेवून बोटांनीच लगाम धरायला शिकले. शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ बसलो होतो, त्यांचा हात माझ्या हातात होता. माझी बोटं गुळगुळीत. त्यांचा अंगठा खरखरीत लागत होता. त्यांनी तो जरासा वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

होईल मामा, मी म्हणालो.